भाव फुटण्याआधी

कुशिरोवर धुकं उतरलं की
ओनोदेरांच्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही,
नुसती माणसं येतात.
बंदरावरचा भोंगा अधूनमधून कुणालातरी हाक मारतो
आणि आम्ही रॉकेलच्या शेगडीभोवती बसून
अजून न जन्मलेल्या कॅमेऱ्याचं बारसं करतो.

नवा मिररलेस. मंगळवारी दुपारी एकला जाहीर होणार.
बाहेर फुटलाय एकच फोटो, तोही अंधारातला:
खांद्याची गोलाई आणि एक बटण.
तेवढ्यावरून हाताकेयामा म्हणतो, साडेचार लाख येन.
पहाटे मासळीबाजारात बोली लावणारा माणूस,
कल्ले उघडून बघावेत तसा त्या फोटोकडे बघतो.

टॅक्सीवाला कुदो हिशोबात येनची घसरण धरतो,
चिपचे वाढलेले भाव, मागच्या मॉडेलची किंमत,
आणि सगळं बाजूला सारून म्हणतो,
तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार.
तीनाच्या घरात असलं की घरात सांगता येतं.

नागाई बाई गणित शिकवतात.
त्यांनी आधी समीकरण मांडलं, मग खोडलं.
मी काउंटर पुसतो. माझा आकडा: माझे दोन पगार
आणि वर एका हिवाळ्याचं रॉकेल.
चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात.
जो जवळ जाईल त्याला बाकीच्यांनी रामेन द्यायचं.

क्रौंचांबद्दल कुणीच बोललं नाही.
खरं तर सगळं त्यांच्यासाठीच चाललेलं:
बर्फात नाचणाऱ्या जोडीला ऐकू जाणार नाही
असं शटर हवं होतं प्रत्येकाला.
तोगाशींनाही.

आणि दार वाजलं, फुमिए तोगाशी आत आल्या,
जांभळ्या रुमालात बांधलेली मोठी पांढरी लेन्स घेऊन.
वसंतात नवरा गेला, आता कपाट रिकामं करताहेत.
'साठ हजारांना घेतली होती म्हणे यांनी.
तीस आले तरी पुष्कळ.'

शेगडी तेवढी टिकटिकत राहिली.
आम्हा सगळ्यांना माहीत होतं:
तोगाशी घरी जाताना प्रत्येक किमतीतलं
एक शून्य दुकानातच ठेवून जायचे.
ओनोदेरा दोन पावत्या लिहायचे,
एक खरी, एक संसाराची.

ओनोदेरांनी काच तपासली, खूप वेळ,
बुरशी शोधणाऱ्या माणसाला लागेल त्याहून जास्त वेळ.
मग मोजले तीन लाख चाळीस हजार.
बाईंनी परत मोजले.
'जुन्या लेन्सना हल्ली भाव आलाय,' ते म्हणाले,
खाली बघत.
'हो का,' बाई म्हणाल्या. 'त्यांना कळायचा भाव.'

काहीतरी बोलायला हवं म्हणून हाताकेयामानं डबा पुढे केला.
तुम्हीही टाका एक चिठ्ठी.
त्यांनी चष्मा लावून तो अंधारातला फोटो पाहिला.
'नवा आहे म्हणजे महागच असणार,' म्हणत
माझ्याकडून पेन घेतलं,
तळहाताच्या आडोशानं लिहिलं,
रुमालाची घडी केली, चौकोनी, आणि धुक्यात गेल्या.

मंगळवारी भाव फुटला: चार लाख अठरा हजार.
कुदो वीस हजारांनी हुकला,
हाताकेयामा बत्तीस हजारांनी.
मी कुठे गेलो ते सांगत नाही.
शेवटची चिठ्ठी निघाली, अक्षर सुबक:
बेचाळीस हजार.
कुणी हसलं नाही. कुदो म्हणाला, बिचारी.

नागाई बाईंनी सवयीनं
उत्तरपत्रिका उलटावी तशी चिठ्ठी उलटली.
मागे, कोपऱ्यात, एक छोटंसं वर्तुळ होतं,
नीट मिटवलेलं, टोकाला टोक लागलेलं.

'पेन चालतंय का पाहिलं असेल,' कुदो म्हणाला.
'असेल,' नागाई बाई म्हणाल्या.
ओनोदेरांनी चिठ्ठी मागून घेतली
आणि पावत्यांच्या जुन्या वहीत ठेवली.

आता रामेनचं आमंत्रण द्यायला
फोन कुणी करायचा, यावर
गेले चार दिवस आमची बोली चालू आहे.